कठड्यावरचे बोंबील

समुद्रावर जाऊन आले असं सोलापुरात सांगितलं की लोक आधी विचारतात, "गोव्याला?" मी डहाणू म्हणते. मग ते जरा विचार करून म्हणतात, "म्हणजे ते चिकूवालं?" हो, तेच चिकूवालं. ज्यांनी डहाणू पाहिलेलं नाही त्यांच्यासाठीच हे लिहायला बसले आहे. पण यात चिकू थोडे आणि बोंबील जास्त आहेत, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना तो वास सहन होत नाही त्यांनी खिडकी उघडून वाचावं.

जाण्याचं निमित्त माझ्या भाचीचं. ऋचा आर्किटेक्ट झाल्यापासून दुसऱ्यांच्या नकाशांवर रेघा मारत होती. आता पहिल्यांदाच एक अख्खं काम तिच्या एकटीच्या अंगावर पडलं होतं आणि त्याचं उद्घाटन व्हायचं होतं. माझी धाकटी बहीण सुनंदा फोनवर म्हणाली, "ताई, तू आलीच पाहिजेस. पोरीनं खाडीकाठाचं पुनरुज्जीवन केलंय." एवढा जड शब्द सुनंदाच्या तोंडून ऐकल्यावर न जाऊन कसं चालेल? पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या भरल्या आणि निघाले.

सरावली

सुनंदाचं घर सरावलीत आहे. सरावली म्हणजे डहाणू रोडला इतकं चिकटलेलं गाव, की स्टेशनातला गाडीचा भोंगा तिच्या ओट्यापाशी ऐकू येतो. तिचे यजमान सुधाकरराव रेल्वेतून निवृत्त झाले, पण हे त्यांच्या कानांना अजून कुणी कळवलेलं नाही. बोलता बोलता भोंगा वाजला की ते थांबतात, गाडी कोणती आणि ती किती उशिरा आली हे सांगतात, आणि मग वाक्य पुरं करतात. जेवताना मीठ मागत असले तरी आधी गाडी, मग मीठ.

पहिल्याच संध्याकाळी सुनंदा मला बाजारात घेऊन गेली. भाजीवाल्या बेनशी ती मराठीत बोलत होती, बेन गुजरातीत उत्तर देत होती, आणि वांगी किडकी निघाल्यावर दोघी हिंदीत भांडल्या. आमच्याकडेही कानडी, तेलुगू आणि मराठी एकाच गल्लीत नांदतात, पण भांडायला आम्ही आपापली भाषा वापरतो. इथे भांडणासाठी वेगळी भाषा राखून ठेवलेली पाहून मला कौतुक वाटलं. घरच्या बोलण्यात भांडणाचे डाग पडत नाहीत.

रात्रीच्या जेवणाला आमटी गोड होती. गुजरातच्या हद्दीजवळ राहून सुनंदाचा हात गुळाच्या डब्याकडे आपोआप जातो. मी शेंगाचटणीची पुडी उघडून ताटांच्या मधोमध ठेवली. सुनंदाला ते लागलं, पण खाल्ली तिनेच जास्त.

जेवताना ऋचानं आपलं काम समजावून सांगितलं. चिंचणीला खाडीच्या तोंडाशी पूर्वी बर्फाचा कारखाना होता. बोटी त्याच्या धक्क्याला लागायच्या, बर्फ भरायच्या, मासळी उतरवायच्या. कारखाना बंद पडला. पत्रे उडाले, भिंतीतून पिंपळ उगवले, आत बाटल्यांचा खच साचला. अंधार पडला की बायका तिकडून जायच्या नाहीत. त्या जागी आता फिरायला रस्ता केलाय, दिवे लावलेत, बाक आहेत, खाण्याचे गाळे आहेत आणि बायकांसाठी स्वच्छ संडास आहेत. कारखान्याच्या धुराड्याचा खालचा बुंधा तेवढा आठवण म्हणून ठेवलाय. काम कुणाचं आणि निधी कुणाचा हे तिनं मला पुन्हा पुन्हा सांगितलं आणि मी पुन्हा पुन्हा विसरले.

"आणि कठडा, मावशी!" ती म्हणाली. "सगळ्यात सुंदर कठडा झालाय. पोलादी खांब आणि त्यात आडव्या ताणलेल्या तारा. विटांचा केला असता तर पाणी दिसलं नसतं. आता माणूस उभा राहिला तरी दर्या दिसतो आणि बाकावर बसला तरी दिसतो."

बालवाडीत पहिला आलेल्या पोराबद्दल आई बोलते तशी ती त्या कठड्याबद्दल बोलत होती.

"आमच्याकडे अशा तारा एका रात्रीत भंगारात गेल्या असत्या," मी म्हणाले.

"तुमच्याकडे दर्या तरी कुठाय?" सुधाकरराव म्हणाले. तेवढ्यात भोंगा वाजला, त्यामुळे माझं उत्तर वाया गेलं.

खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला. माझे वडील गिरणीत साचे चालवायचे. गिरणी बंद पडली तेव्हा तिची जागा वर्षानुवर्षं कोर्टात पडून राहिली आणि मग एक दिवस तिथं इमारती उभ्या राहिल्या. वडील त्या फाटकापुढून जाताना मान वळवून बघायचे. आतला रखवालदार त्यांना हटकायचा. निदान आमच्या पोरीनं फाटक तरी लावलेलं नाही, असं मला त्या रात्री वाटलं.

तलासरी

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ऋचा पहाटेच कामावर गेली. आम्हाला वेळ होता, म्हणून सुधाकररावांनी गाडी काढली आणि आम्ही तलासरीच्या आठवडी बाजाराला गेलो. चिकूच्या वाड्या मागे पडल्या, ताडाची झाडं आली, मग हायवे आणि त्यावरचे ट्रक. बाजारात मिरच्या, कोयते, प्लास्टिकच्या बादल्या, काचेच्या बांगड्या असं सगळं शेजारी शेजारी मांडलेलं होतं. डोंगराकडच्या पाड्यांवरून वारली बाया आल्या होत्या. आमच्या मंगळवार बाजारात बाई एक वस्तू घेते आणि दहा वस्तूंना हात लावते. इथल्या बाया आधी पूर्ण बाजार मुकाट्यानं फिरून घेत होत्या आणि मग एकदाच थांबत होत्या. त्यांच्याशी घासाघीस करणं अवघड जात असणार.

सुक्या मासळीची ओळ शोधावी लागत नाही. नाक आपोआप तिकडे नेतं. मी मटण खाणारी बाई आहे, पण मासळी मला काट्यांमुळे परकी. सुकी मासळी तर मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या जवळून बघत होते. सुनंदा थेट एका बाईपाशी गेली. साठीकडे झुकलेली, काष्टा मारलेली, अंबाड्यात अबोली. चिंचणीची जयवंतीबाई. सुनंदा अनेक वर्षं तिच्याकडूनच बोंबील घेते. पाड्यांवरच्या बाया पावसाळ्यासाठी सुकट-बोंबील भरून ठेवतात, त्याही तिच्या बांधलेल्या गिऱ्हाईक.

त्या दिवशी मात्र गिऱ्हाईक टिकत नव्हतं. एका म्हाताऱ्या वारली बाईनं बोंबलाचा तुकडा मोडला, दाढेखाली धरला, आणि कर्र असा आवाज आला. तिनं तो थुंकला, उठली आणि पुढच्या टोपलीपाशी जाऊन बसली.

"रेती," जयवंतीबाई आम्हाला म्हणाली. "काय करू बाय? कारखान्याच्या आवारात आमच्या वलांडी होत्या. काम सुरू झालं तशा उपटून टाकल्या."

वलांडी म्हणजे बांबूचे खांब रोवून त्यावर आडव्या बांधलेल्या दोऱ्या, हे मला सुनंदानं सांगितलं. ओले बोंबील दोन-दोन घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. वारा लागून ते वाळतात. वलांडीच नाहीत, म्हणून तिला बोंबील वाळूत पसरावे लागत होते. वाळूतले बोंबील कोण घेणार?

"हा हंगाम असाच गेला तर पाड्यावरच्या बाया दुसरीकडं बांधून घेतील," ती म्हणाली. "मग त्या परत येत न्हाय. पण आता काळजी मिटली. ठेकेदाराचा माणूस बोललाच होता, काम झालं की तुमची सोय होईल. झाली सोय! पोलादाच्या वलांडी केल्या आमाला. दर्याच्या तोंडावर, एकदम वाऱ्यात. काल तारा ताणून झाल्या."

"अगंबाई, ते माझ्या मुलीचं काम!" सुनंदा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की तिनं पुढे चौकशीच केली नाही. "हो तर! तुमच्यासाठीच केलंय सगळं तिनं."

जयवंतीबाईनं सुनंदाचा हात दोन्ही हातांत धरला. आमच्या पिशवीत आणखी दोन मुठी बोंबील कोंबले. रेतीचे होते, पण मनापासून दिलेले होते. "तिला सांगा, आमी उद्या सकाळीच येतो," ती म्हणाली.

वाचणाऱ्याला इथे जे कळलं असेल ते आम्हा तिघांपैकी कुणालाही कळलं नाही. सुनंदा आईपणात मग्न होती. सुधाकरराव गाडीजवळ टायर बघत होते. मी पोलादी वलांडी कशी दिसत असेल याची कल्पना करत होते, आणि आदल्या रात्री जेवताना ऐकलेल्या पोलादी तारा माझ्या डोक्यात वेगळ्या कप्प्यात पडून होत्या.

परतताना हायवेच्या कडेला उंबाडियूची मडकी दिसली म्हणून थांबलो. कंद, पापडी, बटाटे असं सगळं हिरव्या मसाल्यात घोळून पाल्यासकट मडक्यात भरतात, मडकं उलटं करून भोवती जाळ करतात. चव हुरडा पार्टीची आठवण करून देणारी, फक्त हुरडा नाही. मी घाईनं कंद तोंडात घातला आणि जीभ भाजली. त्यामुळे घरी जाईपर्यंत मी गप्प होते आणि सुधाकररावांनी उंबाडियूवाल्याचे जाहीर आभार मानले.

रात्री सुनंदानं ऋचाला सांगितलं, "चिंचणीच्या बायका तुझं काय कौतुक करतायत!" ऋचा दमून आली होती, पण हे ऐकून तिचे डोळे भरून आले. "मला भीती होती की त्यांना आवडणार नाही," ती म्हणाली.

चिंचणी

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा हवेत गारवा होता. आधी रस्ता लागला, गुळगुळीत, लाल-करड्या फरश्यांचा. मग सिमेंटचा एक मोठा डॉल्फिन. मासेमारांच्या गावात माशाचा पुतळा उभा करायचा, आणि तोही गावानं कधी ताटात न घेतलेल्या आणि मुळात मासाच नसलेल्या प्राण्याचा, ही कल्पना ऋचाची नव्हती, असं तिनं तिथल्या तिथे स्पष्ट केलं. डॉल्फिनचं पोट जरा सुटलेलं होतं. तो आमच्या गल्लीतल्या हॉटेलमालकासारखा दिसत होता.

आणि मग कठडा. खरं म्हणजे कठडा दिसतच नव्हता. धुराड्याच्या बुंध्यापासून पार टोकापर्यंत, वरच्या तारेपासून खालच्या तारेपर्यंत बोंबीलच बोंबील. जोड्या-जोड्यांनी, जबड्यात जबडा अडकवून, ओले, गुलाबी-पांढरे. ओला बोंबील हा एक अत्यंत मऊ प्राणी आहे. बघताना वाटतं, यानं जन्मतःच सगळं सोडून दिलंय. असे हजारो बोंबील सकाळच्या उन्हात ओळीनं चमकत होते आणि दहा-बारा बायका भराभर आणखी लावत होत्या. मला ते दृश्य फार आवडलं. ऋचा मात्र मटकन बाकावर बसली.

ठेकेदार धावत आला. "मॅडम, हे काय? साहेब अकराला उद्घाटनाला येतायत!"

त्याच्या मागून जयवंतीबाई आली. धुतलेलं लुगडं, हातात नारळ. तिनं ऋचाच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, ओंजळीत नारळ ठेवला आणि म्हणाली, "बाय, तुझं भलं होवो. आमी इतकी वर्षं जो येईल त्याला बोललो, आमाला सुकवायला पक्की जागा द्या. कुणी ऐकलं न्हाय. तू न सांगता केलंस."

ऋचानं माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तू सांग ना."

मोठ्यांनी अशा वेळी पुढे व्हायचं असतं. मी पुढे झाले. जयवंतीबाईला म्हणाले, "अहो, जरा बोलायचं होतं." ती म्हणाली, "आधी खा, मग बोल." गाळ्यांपैकी एक तिच्या सुनेला मिळाला होता. कढई तापलेली होती. सुनेनं ताजे बोंबील चिरून, दाबून पाणी काढून, रव्यात घोळवून तळले होते. वरून कुरकुरीत, आत जवळजवळ काहीच नाही, आणि काटा असला तरी चावून खाण्यासारखा. मला पहिल्यांदा मासळी घाबरवत नव्हती. सून म्हणाली, "मावशी, ही जागा झाली म्हणून माझा गाळा झाला. नायतर मी तारापूरला कंपनीत पॅकिंगला जायची. सकाळची बस, रात्रीची बस, पोरगी शेजारणीकडं." आणि मग हळूच म्हणाली, "फक्त सासूबाईंनी बोंबील जरा लांब लावले असते तर बरं. वासानं गिऱ्हाईक उभं राहील का?" हे ती बोंबील तळता तळताच म्हणत होती.

थोडक्यात, मी सांगायला गेले आणि खाऊन आले.

शेवटी ऋचाच उठली. मला तिचा अभिमान वाटला आणि तिची दयाही आली. कपाळावर कुंकू, हातात नारळ, आणि तोंडात हे शब्द. "जयवंतीताई, या वलांडी नाहीत. हा कठडा आहे. लोकांनी पाण्यात पडू नये म्हणून केलाय."

जयवंतीबाई विचारात पडली. "पडंल कोण? आमच्यातलं कोण पडत न्हाय."

"बाहेरून लोक येतील ना. फिरायला."

"बरं. मग आमची सोय?"

"दुसऱ्या टप्प्यात बघू, म्हणालेत."

"कोण म्हणालं?"

ऋचाला ते आठवेना. बहुधा कुणीच म्हटलेलं नव्हतं. बायकांचे हात एकेक करून थांबले. मला वाटलं आता भांडण होणार, आणि झालं असतं तर बरं झालं असतं. पण जयवंतीबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती हसली. लाजून हसली.

"बघ ना, आमी खुळ्या," ती म्हणाली. "आमाला वाटलं, आमच्यासाठी केलंय."

ती वळली आणि पहिली जोडी काढून टोपलीत टाकली. मग बाकीच्याही काढायला लागल्या. अर्धवट ओले बोंबील टोपलीत एकावर एक पडले की दुपारपर्यंत ते कसे नासतात, हे सुनेनं मला नंतर सांगितलं.   आदल्या दिवशी 'तुमच्यासाठीच केलंय' असं म्हणणारी सुनंदा डॉल्फिनच्या मागे जाऊन उभी राहिली होती.

उद्घाटन

अकराला येणारे साहेब साडेदहाच्या आधीच आले. माझ्या आयुष्यात वेळेआधी आलेला हा पहिला पाहुणा. त्यांनी यायला नको तेव्हाच यायचं ठरवलं होतं. अर्धा कठडा मोकळा झाला होता, अर्धा भरलेला होता, आणि मधोमध फीत बांधायचं राहून गेलं होतं. साहेबांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"हे काय आहे?" त्यांनी रुमालातून विचारलं.

ठेकेदारानं ऋचाकडे बोट केलं. बायका टोपल्यांपाशी थिजल्या. ऋचानं एकदा जयवंतीबाईकडे पाहिलं, नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सर, हा वाळवणीचा कठडा आहे. दुहेरी उपयोगाचा. सुरक्षेसाठीही आणि इथल्या बायकांना बोंबील सुकवायलाही. डिझाइनचाच भाग आहे."

लहानपणी एक पेला फोडला तरी रात्रभर जिला झोप यायची नाही, ती ही पोरगी. डोळ्याची पापणी हलली नाही तिची. ठेकेदाराला ठसका लागला.

साहेबांनी रुमाल खाली घेतला. वास घेतला. रुमाल खिशात ठेवला. "वा!" ते म्हणाले. भाषणात ते म्हणाले, की असा कठडा त्यांनी आजवर कुठेच पाहिलेला नाही. खरंच होतं. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत ऋचानंही पाहिलेला नव्हता. स्थानिक महिलांना सामावून घेणारा विकास तो हाच, असंही ते म्हणाले आणि बोंबलांच्या शेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. मग त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की धुराड्याच्या बुंध्यापासून टोकापर्यंतचा भाग कायम वाळवणीसाठी राहील. एवढ्या लोकांत बोलून गेलेला शब्द आता कोण मागे घेणार? टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात टाळ्या सुनंदाच्या होत्या.

दुपारी ठेकेदाराच्या माणसांनी फरशीवर पिवळा पट्टा मारला. पट्ट्याच्या पलीकडे बोंबील, अलीकडे माणसं. बुंध्यापासून टोकापर्यंत म्हणताना साहेबांना वाटलं होतं त्यापेक्षा ते अंतर कमी निघालं. जुन्या आवारात सगळ्या बायकांच्या वलांडी मावत होत्या. इथे निम्म्यांनाच जागा होती. कुणी कधी लावायचं यावरून तिथल्या तिथे कडाक्याची बोलाचाली झाली. त्या आपल्या बोलीत भांडत होत्या. गल्लीत कानावर पडलेलं माझं कानडी तिथं काही उपयोगाचं नव्हतं, पण कोण कुणाची काय काढतंय ते समजत होतं. अखेर पाळ्या ठरल्या. जयवंतीबाईला पहिली पाळी मिळाली, कारण नारळ तिनं आणला होता. तिच्या टोपलीतले टिकलेले बोंबील पुन्हा तारांवर चढले.

ऋचा माझ्या शेजारी येऊन बसली. "मी खोटं बोलले, मावशी."

"बोललीस," मी म्हणाले. "आता ते खरं ठेवायचं काम तुझं."

ती हसली नाही. कागदावर काहीतरी आखायला लागली. पुढच्या टप्प्यात जागा वाढवून मागायची म्हणत होती. मिळेल की नाही देव जाणे.

संध्याकाळी मी एकटीच बसायला गेले. ऊन कलतं झालं होतं आणि खरोखरच फार छान वाटत होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. गावातल्या दोन मुली एका सायकलवर आळीपाळीनं शिकत होत्या. आईबाप दूरवर निवांत बसले होते. कानटोप्या घातलेले निवृत्त लोक जोडीजोडीनं फिरत होते. नव्या संडासाच्या इमारतीत बायका गरज नसतानाही आत जाऊन, नळ सोडून बघून येत होत्या. दिवे लागले आणि ज्या ठिकाणाहून अंधारात कुणी जात नव्हतं तिथं लहान मुलं पकडापकडी खेळायला लागली. त्याच वेळी गाडीतून आलेलं एक कुटुंब पिवळ्या पट्ट्यापाशी आलं, नाकं धरली आणि मागे वळलं. होड्या ओढायला कठड्यात वाट ठेवली आहे, पण ती इतकी अरुंद की एक म्हातारा खलाशी तिच्याकडे बघून नुसताच मान हलवत होता. सुनेच्या गाळ्यावर गर्दी होती. बरं झालं की वाईट झालं, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, कोणत्या बाकावर बसून विचारताय त्यावर आहे.

माझा बाक पिवळ्या पट्ट्याच्या लगत होता. जयवंतीबाई पलीकडे काठी घेऊन उभी होती. कावळे आणि कुत्री यांना पट्टा समजत नाही, त्यामुळे राखण करावी लागत होती. बराच वेळ ती या पायावरून त्या पायावर होत होती. लहानपणापासून ती याच जागेवर काम करत आली होती. कारखाना चालू असताना बर्फ वाहिला, बंद पडल्यावर बोंबील वाळवले, आणि हे सगळं मला तिनं उभ्या उभ्याच सांगितलं.

मग ती पट्टा ओलांडून दोन पावलं अलीकडे आली. बाकाकडे बघितलं. आजूबाजूला बघितलं. ओल्या हातांनी लुगडं झटकलं आणि आवाज बारीक करून मला विचारलं,

"बाय, मी हितं बसले तर चालंल ना?"

"चालतंय की. बसा," मी म्हणाले, आणि सरकून जागा दिली.

ती बसली. अगदी कडेला, टोपली मांडीवर घेऊन, बाक ओला होऊ नये म्हणून. समोर तिचाच दर्या होता, आणि तिथं बसायची परवानगी तिला मी दिली होती. चार दिवसांसाठी सोलापूरहून आलेल्या बाईनं.